अडवलेलं रडणं

सुलतानपुरात मंजुळाबाईला ओळखत नाही असं माणूस एक तर गावात नवं आलेलं असायचं, नाही तर ठार बहिरं. काळी छत्री, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत शास्त्र आणि गायनाचं पुस्तक, पायांत टायरच्या चपला. त्या चपलांची फटफट गल्लीच्या तोंडाशी आली की ख्रिस्ती वस्तीतल्या सात घरांतल्या बायका चालू भांडण तिथंच सोडून देत आणि पदर सारखे करत. बायबलबाई आली, असं एकमेकींना डोळ्यांनी सांगत.

आता बायबलबाई म्हणजे काय ते सांगायला हवं. मिशनच्या शाळेत चार बुकं शिकलेली, विसाव्या वर्षी विधवा झालेली, पोटी मूलबाळ नसलेली ही बाई. तिला हे काम मिळालं. खेडोपाडी फिरायचं, बायकांना शास्त्र, म्हणजे बायबल, वाचून दाखवायचं, आजाऱ्याच्या उशाशी बसून प्रार्थना करायची, जन्मलेल्या लेकरांना नावं सुचवायची. सुलतानपूर, बीबी आणि मधली सगळी खेडी तिने तीस वर्षं पायाखाली घातली. काम चोख केलं. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून कोणी तिला दुष्ट म्हणेल. दुष्ट ती नव्हती. तिला फक्त प्रत्येक गोष्टीचं उत्तर येत होतं. आणि हा दोष वाटतो तेवढा लहान नाही.

कोणाची म्हैस दगावली, उत्तर तयार. कोणाचा नवरा पिऊन पडला, उत्तर तयार. समोरच्या बाईचं सांगून पुरं व्हायच्या आत मंजुळाबाईचं बोट शास्त्राच्या नेमक्या पानावर पडलेलं असायचं. सांगणारी बिचारी तोंड मिटून घ्यायची. मंजुळाबाईला वाटायचं, हिचं समाधान झालं.

आणि रडणं तर तिला मुळीच खपायचं नाही. वऱ्हाडात मयताच्या घरी बाया कशा रडतात ते ज्याने ऐकलंय त्याला सांगायला नको. नुसते डोळे गाळणं नव्हे ते. हेल काढून, शब्द जुळवून, गेलेल्या माणसाला हाक मारून रडायचं. तो काय खायचा, काय मागायचा, कोणी त्याला छळलं, कोणी शेवटी पाणी पाजलं, सगळं त्या रडण्यात यायचं. भोवतीच्या बाया प्रत्येक ओळीला "हो माय" म्हणून हुंकार भरायच्या. आणि एक रीत कडक होती. त्या रडण्यात कोणाचं नाव निघालं, कोणावर बोल आला, तर त्याने तो खाली मान घालून ऐकायचा. मध्ये बोलायचं नाही आणि मागाहून त्याचा राग धरायचा नाही. सासू असो की पाटील असो.

मंजुळाबाई म्हणायची, हे आशा नसलेल्या लोकांचं रडणं आहे. आपल्यात मेलेलं माणूस प्रभूकडे जातं. आपण गायचं. तिच्या दराऱ्यामुळे सात घरांतली मयतं गाण्यावर निघू लागली होती. बाया मग शेतात, तुरीच्या ओळीत बसून, कोणी ऐकत नाही असं बघून रडून घ्यायच्या. हे तिला सोडून सगळ्या गावाला माहीत होतं.

त्या सात घरांतलं शेवटचं घर कलाबाईचं. नवरा उकंडराव सडकेच्या कामावर, पंधरा पंधरा दिवस बाहेर. कलाबाईला लग्नानंतर नऊ वर्षं लेकरू नव्हतं. मग एक मुलगी झाली. नाव मंजुळाबाईनेच ठेवलं, सुवार्ता. एवढं लांबलचक नाव कोणाच्या तोंडात बसणार? घरात तिची सुवी झाली. सुवीला चालता येऊ लागल्यापासून ती मंजुळाबाईच्या पिशवीला लोंबकळायची. मंजुळाबाई तिला मावशी म्हणू द्यायची आणि दुसऱ्या कोणाच्या लेकराला तिने जे करू दिलं नाही ते, म्हणजे शास्त्राच्या पुस्तकावर पालथं झोपणं, तेही सुवीला करू द्यायची. पोरीवर तिचा जीव होता. हेही आधी सांगून ठेवतो.

महाराष्ट्र राज्य होऊन नुकतं वर्ष होत आलं होतं तेव्हाची गोष्ट. चैत्राचं ऊन. सुवी सात वर्षांची, आणि तिला चार दिवस ताप. उकंडराव कामावर मुक्कामी. पाचव्या दिवशी कलाबाईने धीर सोडला आणि गावातल्या वाहेदला सांगून पाठवलं. वाहेद खाचरातून, म्हणजे बैलगाडीतून, मालाची ने-आण करायचा. पोरीला मेहकरच्या दवाखान्यात न्यायचं म्हटल्यावर त्याने बाकीची भाडी सोडली. खाचरात कडबा पसरला, वर घरची गोधडी टाकली आणि सकाळच्या वेळेला बैल जुंपून गाडी कलाबाईच्या दारात आणून उभी केली.

मंजुळाबाई त्याच्या आधीपासून उशाशी बसलेली होती. दोन तास तिने प्रार्थना केली. आणि काय सांगावं, पोरीच्या कपाळावर दरदरून घाम आला. अंग गार लागू लागलं. सुवीने डोळे उघडले, पाणी मागितलं, मग म्हणाली, "माय, मले बिबडी दे." ज्वारीची बिबडी तिला फार आवडायची. कलाबाई हसली आणि रडलीही.

मग पोरीला उचलायला वाकली. म्हणाली, "मंजुळाबाई, गाडी आलीच हाये. नेऊन आणतो एक डाव. डाक्टरनं पाह्यलं म्हंजे जिवाले बरं."

आता इथं मंजुळाबाईच्या मनात काय होतं ते सांगितलं पाहिजे. ते तिने पुढे स्वतःच्या तोंडाने सांगितलं म्हणून मला माहीत आहे. महिनाभर आधी बीबीला एक पोर तिच्या प्रार्थनेनंतर बरं झालं होतं. मोठ्या सभेत तिने ती साक्ष दिली होती आणि साडेतीनशे माणसांनी टाळ्या वाजवल्या होत्या. पुढच्या सभेला दुसरी साक्ष असावी असं तिला वाटत होतं. आणि मेहकरच्या डॉक्टरने सुई टोचली की ही साक्ष डॉक्टरची होणार होती. सभेत म्हणायचं वाक्यसुद्धा तिने तिथंच, पोरीच्या उशाशी, मनातल्या मनात जुळवून ठेवलं होतं.

"ताप उतरला ना?" ती म्हणाली. "प्रभूनं हात लावला अन् तू डाक्टरले दाखवतं? इतकासा बी भरोसा नाही तुले? या उन्हात पोरीले चार कोस हदडत नेशील त् पुन्हा चढन ताप."

मंजुळाबाई दारात आली आणि म्हणाली, "वाहेदभाऊ, बैल सोडा."

वाहेदने कलाबाईकडे पाहिलं. "काय करू भाबी?"

कलाबाईने मंजुळाबाईकडे पाहिलं. बावीस वर्षांचा दरारा होता, नाव ठेवणारीही तीच होती. कलाबाईने मान खाली घातली. वाहेदने बैल सोडले.

दिवस मावळताना ताप पुन्हा चढला. असा चढला की हात लावता येईना. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत सुवी गेली.

मयताला बाया जमल्या. वाहेदची बायको खैरुन्निसाही आली आणि भिंतीशी टेकून बसली. कलाबाईने दोन्ही हात जमिनीवर आपटले आणि गळा काढला. दोन ओळी निघाल्या. तिसरी निघायच्या आत मंजुळाबाई पुढे सरकली आणि तिने कलाबाईच्या तोंडावर हात ठेवला. हलका नाही. दाबून. "रडू नोको," ती म्हणाली. "ज्याईले आशा नाही ते असे रडतात. सुवी प्रभूपाशी गेली. गाणं म्हण." आणि तिने गाणं सुरू केलं. तळव्याखाली कलाबाईचं तोंड काही वेळ हलत राहिलं, मग थांबलं. बाया गाऊ लागल्या. नाल्यापलीकडच्या दफनभूमीत सुवीला गाण्यावर पुरलं. लोक म्हणाले, काय विश्वास त्या माउलीचा.

त्यानंतर आठ वर्षं गेली. कलाबाई दर रविवारी प्रार्थनामंदिरात यायची, दाराशी बसायची आणि उठून जायची. गाणं म्हणायची नाही. कोणी काही विचारलं तर "हाव" नाही तर "नाही". घरीही तसंच. उकंडराव एकदा कोणाला म्हणाला होता, बायको आहे, स्वयंपाक आहे, पण घरात कोणी नाही. मंजुळाबाई मात्र दुसऱ्या गावांतून सांगायची, आमच्या सुलतानपुरात एक आई आहे, लेकरू गेलं तर डोळ्यातून टिपूस काढलं नाही. असं सांगताना ती मध्येच खोकायची आणि पुढे बोलायची.

एकोणसत्तर साली, दुःखसहनसप्ताहाच्या महिनाभर आधी पाळक नारायणराव एस.टी.ने आले. महिन्यातून एकदा यायचे. शांत माणूस, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी मंजुळाबाईला काम दिलं. प्रभूच्या दुःखसहनाच्या त्या आठवड्यात शुक्रवारी दुपारी बायकांना शास्त्रातली विलापाची गीतं शिकवायची.

मंजुळाबाई म्हणाली, "पाळकसाहेब, रडगाणी कशाला? त्यापेक्षा काही आशेचं द्या."

"आशेचंच देतोय," ते म्हणाले. "ज्याने ही गीतं लिहिली त्याचं शहर जळून गेलं होतं. तो आपल्या भाषेची सगळी मुळाक्षरं घेऊन, एकापुढे एक, ओळीने रडला. एकही अक्षर गाळलं नाही. असं का केलं असेल, ते वाचून मला सांगा. आणि बाई, वाचताना स्वतःला बाहेर ठेवू नका."

"हो, हो," मंजुळाबाई म्हणाली. अशा सूचना ती स्वतः दुसऱ्यांना देत आली होती.

घरी येऊन तिने शास्त्र उघडलं. तीस वर्षं हाताळलेलं पुस्तक. काही पानं बोटं लागून काळी पडलेली, काही फाटून डिंकाने चिकटवलेली. आणि ही विलापाची पानं? कोरी करकरीत. दोन पानांच्या लालसर कडा अजून एकमेकींना चिकटलेल्या होत्या. तिला नखाने सोडवाव्या लागल्या. तिचं तिलाच ओशाळल्यासारखं झालं.

त्यातली एक ओळ मात्र तिला पाठ होती. देवाची दया रोज सकाळी नवी होते, अशा अर्थाची. शाळेत पाठ करून घेतली होती आणि ती तिने हजारो बायकांना सांगितली होती. सुवीच्या मातीवरही हीच म्हटली होती. पण त्या ओळीच्या आधी काय आहे आणि नंतर काय आहे ते तिने कधी पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. आधी अडीच गीतं भरून राख होती. नंतरही राखच. कोणी तरी मधला गुळाचा खडा तेवढा उचलून द्यावा आणि म्हणावं हेच जेवण, तसं तिने केलं होतं.

वाचता वाचता ती थबकू लागली. शहर विधवेसारखं एकटं बसलं होतं. त्याचे गाल ओले होते आणि सांत्वन करायला कोणी नव्हतं. रस्त्यावर लेकरं आईच्या मांडीवर मान टाकत होती आणि आईला खायला मागत होती. मंजुळाबाईला बिबडी आठवली. तिने पुस्तक मिटलं, उठून पाणी प्यायली, पुन्हा उघडलं.

मग ती जागा आली. तिथं तो लिहिणारा शहराला आई समजून म्हणत होता की तुझ्या संदेष्ट्यांनी तुला खोटं सांगितलं. गोड वाटेल ते सांगितलं. तुझा दोष उघडा करून दाखवला असता तर तू वाचली असतीस, पण त्यांनी तो झाकला. आणि लगेच त्यापुढे, उठ, देवापुढे मोठ्याने आक्रोश कर, आपल्या लेकरांच्या जिवासाठी आपलं काळीज पाण्यासारखं ओत.

मंजुळाबाईने आपला उजवा हात मांडीवरून उचलला आणि पाहिला. शास्त्र आईला रडायला सांगत होतं. आणि आशा नसलेल्यांचं म्हणून तिने जे दाबलं, ते या पुस्तकात देवाच्या घरातलं म्हणून ठेवलेलं होतं. तेच हेल, तीच नावं घेणं, तेच जाब विचारणं. इथं तर खुद्द देवालाही बोल लावला होता आणि देवाने तो मध्ये न बोलता ऐकून घेतला होता.

चूक झाली, असं तिने स्वतःशी म्हटलं. अज्ञानाने झाली. मनाला थोडं बरं वाटलं. ती गुडघे टेकून बसली आणि प्रार्थना करू लागली. शब्द सुरेख येऊ लागले, नेहमीसारखे. आणि अर्ध्यातच तिची तिलाच किळस आली. ही प्रार्थनाही सभेत म्हणण्याजोगी होती.

पाळकसाहेबांनी म्हटलेलं तिच्या डोक्यातून जाईना. एकही अक्षर गाळलं नाही. मग आपण काय गाळतोय? चार-पाच दिवस ती शेणाने घर सारवताना, पाणी आणताना हेच घोळवत होती. कलाबाईच्या रडण्याच्या दोन ओळी तिला आठवत नव्हत्या. बाकी सगळं आठवायचं. कलाबाईच्या हातातली फुटलेली बांगडी, खैरुन्निसाची हिरवी ओढणी. ओळी नाही. शेवटी ती उठून वाहेदकडे गेली.

वाहेद अंगणात जुवाला नवी दोरी बांधत होता. वाहेदभाऊ, मयताला खैरुन्निसा होती, तिला विचारा, कलाबाई काय म्हणाली होती, असं मंजुळाबाई म्हणाली. खैरुन्निसा आतच होती. ती दारात आली. तिला विचार करावा लागला नाही.

"पहिले म्हणली, अवं माय वं, माही सुवी वं. अन् मंग म्हणली, गाडी दारात उभी होती वं. मंग तुम्ही हात ठेवला."

मंजुळाबाई अंगणातच खाली बसली. गाडी दारात उभी होती. तिसऱ्या ओळीत काय येणार होतं ते आंधळ्यालाही कळलं असतं. बैल कोणी सोडवले ते येणार होतं. तिचं नाव येणार होतं, सगळ्या गावापुढे. आशा नसलेल्यांचं रडणं वगैरे मागाहून सुचलं. हात आधी गेला होता, आणि तो आपलं नाव दाबायला गेला होता. आठ वर्षं एका आईचं रडणं तिने आपल्या अब्रूसाठी अडवून धरलं होतं. इतकी लाज तिला आयुष्यात वाटली नव्हती.

"बाई," वाहेद दोरीकडे बघत म्हणाला, "बैल माहे होते. मी काऊन सोडले? भाबीचं मन नव्हतं, मले दिसून राह्यलं होतं. तुम्हाले नाही म्हणाले माही जीभ रेटली नाही. त्या दारावरून गाडी नेतो त् अजून मान वर होत नाही माही."

"तुमचं काय चुकलं वाहेदभाऊ..." मंजुळाबाई सवयीने बोलू लागली आणि थांबली. पुन्हा तयार उत्तर निघालं होतं.

वाहेदने गाठ ओढली. "आमच्यात बी सांगतात, मयताले गळा काढू नये. पण मायच्या तोंडावर हात कोणी ठेवत नाही, बाई."

शुक्रवार उजाडला. दुपारी पत्र्याच्या प्रार्थनामंदिरात वीसेक बाया जमल्या. बीबीहूनही चार जणी चालत आल्या होत्या. पत्रा तापून आत भट्टी झालेली. कलाबाई नेहमीप्रमाणे दाराशी. पाळक नारायणराव मागच्या बाकावर बसले होते, धडा बाईंचा होता. मंजुळाबाईने विलापाचं पहिलं गीत वाचलं, दुसरं वाचायला घेतलं आणि खोट्या संदेष्ट्यांच्या जागी येऊन थांबली. बायांना वाटलं, आता ती अर्थ सांगेल. त्या सावरून बसल्या.

"याचा अर्थ मी हाय," मंजुळाबाई म्हणाली.

आणि तिने सांगितलं. बीबीची साक्ष, साडेतीनशे माणसांच्या टाळ्या, उशाशी जुळवलेलं वाक्य, बैल, हात. काही गाळलं नाही. आवाज फुटत होता, पण थांबली नाही. बीबीच्या बाया एकमेकींकडे बघू लागल्या. ती साक्ष त्यांच्याच गावची होती. कोणी तरी "अवं बाई" म्हटलं. पाळकसाहेबांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. मंजुळाबाईला स्वच्छ दिसत होतं की आजपासून तिच्या चपलांच्या आवाजाला कोणी पदर सारखा करणार नाही. तीस वर्षांत मिळवलेलं एवढंच तिच्याकडे होतं.

मग ती चालत दाराशी गेली आणि कलाबाईच्या पुढ्यात जमिनीवर बसली.

"कला, तुह्यं रडणं मी अडवलं. माह्यं नाव येईन म्हणून अडवलं. आता रड. माह्यं नाव घेऊन रड. मी ऐकतो."

कलाबाईने तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही, लोभाने नाही. मग आठ वर्षांत पहिल्यांदा ती एक अख्खं वाक्य बोलली.

"आठ वरसं झाले मंजुळाबाई. आता कोठून आणू ते रडणं?"

मंजुळाबाईला वाटलं होतं, आपण कबूल केलं की दार उघडेल. तेही तिचं तयार उत्तरच होतं. ती उठू लागली. तेवढ्यात कलाबाई म्हणाली, "मले येत नाही. तू म्हण."

"मी?"

"तूच थांबवलं ना? मंग तूच सुरू कर."

मंजुळाबाई जन्मात हेल काढून रडली नव्हती. नवरा गेला तेव्हासुद्धा नाही. मिशनच्या शाळेतली मुलगी होती ती. तिने तोंड उघडलं, आवाज येईना. पुन्हा उघडलं. मग जमिनीवर दोन्ही हात टेकून, घोगऱ्या, बेसूर गळ्याने तिने सुरुवात केली.

"अवं सुवी वं, माहे माय वं..."

हुंकार कोणीच भरला नाही.

"गाडी दारात उभी होती वं, वाहेदभाऊनं कडबा टाकला होता वं..."

खैरुन्निसा दाराबाहेर येऊन उभी होती, कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. तिथूनच तिने हळू म्हटलं, "हो माय."

"तुही माय तुले उचलाले वाकली वं..." इथं मंजुळाबाई अडकली. पुढची ओळ तिला दिसत होती. ती येईना. तिने कलाबाईकडे पाहिलं, सोडव म्हणून.

"पुढं," कलाबाई म्हणाली.

"मी बैल सोडवले वं, मावशीनं तुह्या बैल सोडवले वं, नावासाठी सोडवले वं..."

"हाव," कलाबाई म्हणाली. "तूच सोडवले."

आणि ते म्हणता म्हणता तिच्या छातीतून काहीतरी वर आलं. तिने दोन्ही हात जमिनीवर आपटले. मंजुळाबाईचा घोगरा आवाज त्या आवाजाखाली बुडून गेला. "अवं माय वं, माही सुवी वं, गाडी दारात उभी होती वं..." तिथूनच, जिथं तुटलं होतं तिथूनच कलाबाईने उचललं. सगळ्या बाया हुंकार भरू लागल्या. बीबीच्या, सुलतानपूरच्या, सात घरांतल्या. कितीजणींच्या तुरीच्या ओळीत पुरलेल्या रडण्यांना त्या दिवशी तोंड फुटलं कोण जाणे. पाळकसाहेबही डोळे पुसत होते.

मंजुळाबाई मान खाली घालून ऐकत होती, रीतीप्रमाणे. नाव आलं. एकदा नाही, चारदा आलं. ते तिला माहीतच होतं. मग कलाबाईच्या रडण्यात एक अशी गोष्ट आली जी तिला कोणी कधी सांगितली नव्हती, कारण सांगणाऱ्या तोंडावर तिचा हात होता.

"बैल सुटतांनी तुनं पाह्यलं वं, मले इचारलं वं, माय, मावशीनं बैल सोडाले सांगतलं वं, म्हंजे मी बरी झाली ना वं, मावशी खोटं बोलत नाही ना वं..."

सगळ्या बाया मंजुळाबाईकडे बघत होत्या, कारण ही ओळ तिची होती, हुंकार तिने भरायचा होता. तिने हात पुढे केला. कलाबाईने तो हात झिडकारला नाही, धरलाही नाही.

"हो माय," मंजुळाबाई म्हणाली.